शिवणखात्यातली चार वर्षं

आई, गेल्या महिन्यात आम्ही सुट्टीला गेलो होतो तेव्हा तुझ्या नातीने एका मोटार कंपनीच्या म्युझियमची तिकिटं काढली होती. आरशासारखी फरशी, जुन्या गाड्यांवर दिवे सोडलेले, शेजारी पडद्यावर माहिती. ती आणि तिचे बाबा एकेका गाडीपाशी रेंगाळत राहिले आणि मी दाराजवळच्या बाकावर बसले. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय दुखत नव्हते. रबराचा आणि पॉलिशचा तो वास नाकात गेला आणि मला तुझा हात धरावासा वाटला, एवढंच. तू जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मी आता तुझ्या शेवटच्या वयाच्या जवळ आले आहे. घरी परतल्यापासून त्या एका मे महिन्याबद्दल तुला लिहायचं मनात आहे, म्हणून आज दुपारी बसले.

सत्याऐंशीचा मे. माझी सातवीची परीक्षा संपली होती. भिवंडीतलं आपलं आळीतलं घर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुझी शिलाई मशीन, आणि मागच्या गल्लीतून दिवसभर येणारा लूमचा खडखडाट. तो आवाज आपल्याला ऐकूच यायचा नाही, वीज गेली की मात्र थांबायचा, आणि मग तुझ्या मशीनचा आवाज घरभर व्हायचा. आळीतल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे परकर, असलं तू शिवायचीस. बाबांना ते चालायचं. तहसील कचेरीतला कारकून, त्याची बायको घरी बसून ब्लाउज शिवते, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग दिघाशीचा तो टेंपोवाला आला. त्याचं कचेरीतलं कसलंसं काम बाबांकडे होतं म्हणून तो आपल्याकडे यायचा. त्या दिवशी बाबा घरात नव्हते. त्याने दारातूनच विचारलं, "बाई, टेंपोची सीट पार फाटली हाय. शिवून देशाल का? भिवंडीत कोन नीट शिवीत न्हाय." मला वाटलं तू हसून नाही म्हणशील. तू पदर खोचलास आणि सरळ गल्लीत जाऊन टेंपोत चढलीस. सीटच्या कडेवरून अंगठा फिरवलास, फाटलेल्या ठिकाणी बोटं घालून आतला काथ्या चाचपलास आणि म्हणालीस, रेक्झिन जाड आणा, दोरा मी सांगते तो आणा, शिलाई दुहेरी लागेल. तुझा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाताना तो म्हणाला की वडप्याला हायवेवर त्याच्या भावाची जागा रिकामी आहे, तिथे असं काम काढलं तर ट्रकवाले रांग लावतील.

बाबा संध्याकाळी आले आणि तू ते सगळं त्यांना सांगितलंस. चूक तिथेच झाली असं मला तेव्हा वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. बाबा ओरडत नसत, शब्द मोजून बोलत, त्याचीच भीती वाटायची. "आमच्या घरातली बाई आजवर कुठे कामाला गेलेली नाही," ते म्हणाले, "आणि तू हायवेवर बसून ट्रकच्या सीटा शिवणार?" तू ताट वाढत होतीस, वाढत राहिलीस. त्या दिवसापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलायला लागलात. आईला सांग चहा टाकायला. बाबांना विचार आंघोळीला पाणी काढू का. एकाच खोलीत बसून मी निरोप पोचवायची. दोन आठवडे.

त्याच दिवसांत मी ट्रंकेत माझा जुना फ्रॉक शोधत होते आणि तळाशी घातलेल्या कागदाखाली ते ओळखपत्र सापडलं. जाड पुठ्ठ्याचं, कडा मळलेल्या. त्यावर तुझा फोटो, दोन वेण्या, आणि वर मोटार कंपनीचं नाव. माझे आतोबा, आत्याचे यजमान, पुण्याजवळ ज्या कंपनीत होते तीच. खाली लिहिलं होतं, शिवणखातं. मी ते घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा तू भाजी निवडत होतीस. तू आधी दार लोटलंस. मग मला जवळ बसवून हळू आवाजात सांगितलंस की आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू अठरा वर्षांची होतीस, कंपनीचा जुना कारखाना मुंबईत तुमच्या चाळीपासून चालत जाण्यासारखा होता, आणि तिथे तू चार वर्षं मोटारींच्या सीटा शिवल्यास. लग्न ठरवताना तुझ्या मामांनी ते लपवलं. मुलाकडच्यांना घरातली मुलगी हवी होती, म्हणून शिवणक्लासला जाते असं सांगितलं. आतोबा त्या कंपनीत लागले ते तुझ्या लग्नानंतर, आणि तेव्हापासून तू आत्याकडे जायचं टाळत आलीस हेही मला त्या दिवशी कळलं. "तुझ्या बाबांना हे माहीत नाही," तू म्हणालीस. "कुणाला बोलू नकोस." मी मान हलवली. तू ओळखपत्र घेतलंस आणि कुठे ठेवलंस ते मला पुन्हा कधी दिसलं नाही.

सुट्टीत आत्याकडे जायचं बाबांनीच ठरवलं. हवापालट होईल म्हणाले. मला वाटतं, घरातल्या त्या शांततेला तेही कंटाळले होते आणि त्यांना त्यांची ताई हवी होती. आत्या त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली आणि तिनेच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, त्यांच्यासाठी तुला पाहून पसंत केलं. तू यावेळी काहीच कारण काढलं नाहीस. एसटीत बाबा खिडकीशी, मी मधे, तू कडेला. घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तशी तू पुढच्या सीटच्या दांडीला धरून बसलीस. बाबांनी मला विचारलं, आईला मळमळतंय का विचार. मी विचारलं. तू म्हणालीस, नाही म्हणून सांग.

आत्याचं घर कंपनीच्या कॉलनीत, दोन खोल्या आणि मागे छोटा ओटा. पोचलो त्याच संध्याकाळी आत्या ओट्यावर कैऱ्या चिरायला बसली आणि तिने मला हाक मारली. तू आत पोळ्या लाटत होतीस. बाबा आणि आतोबा फिरायला गेले होते. आत्याने एक फोड मीठ लावून मला दिली, केसांवरून हात फिरवला आणि विचारलं, तुझी आई अशी गप्प गप्प का गं, काही झालं का घरी? मी टेंपोवाल्याचं सांगितलं. तिने मला आणखी जवळ घेतलं. मग मी ओळखपत्राचंही सांगितलं. कंपनीचं नाव, वेण्या, शिवणखातं, चार वर्षं, सगळं. तिचा विळीवरचा हात थांबला. ती मला रागावली नाही. "बरं झालं सांगितलंस," एवढंच म्हणाली आणि मला तसंच जवळ धरून उरलेल्या कैऱ्या चिरल्या. आतून तुझ्या पोळपाटाचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चहा घेताना आत्या म्हणाली की कंपनीने जुन्या गाड्यांचं म्युझियम केलंय, शनिवारी घरच्यांना सोडतात, सगळेच जाऊन येऊ. तुझा कप तोंडापर्यंत जाऊन परत बशीत आला. तू म्हणालीस, माझं डोकं दुखतंय वन्सं, तुम्ही जाऊन या, मी स्वयंपाकाचं बघते. "स्वयंपाक आल्यावर करू दोघी मिळून," आत्या म्हणाली. "तुला तर आवडेल बघायला." ती हसत होती. बाबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र तिच्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की हे सगळं माझ्यामुळे चाललंय. तुला सांगायला वेळ होता. तू आतल्या खोलीत साडी बदलत होतीस आणि मी दाराबाहेर उभी होते. मी चपला घालून अंगणात गेले.

ते म्युझियम म्हणजे पत्र्याच्या छपराचं लांब दालन होतं. सात-आठ गाड्या, मधे दोर बांधलेले, भिंतीवर कारखान्याचे फोटो. कंपनीतून रिटायर झालेले एक गृहस्थ सगळं दाखवत होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. आतोबा त्यांना साहेब म्हणत होते. आपण पाच जण त्यांच्या मागे चाललोय. पुढे आतोबा आणि बाबा, मग आत्या आणि मी, आणि शेवटी तू, खांद्यावरून पदर घेऊन, फोटोंच्या भिंतीकडे पाठ करून. मी दर दोन पावलांनी मागे बघतेय. आत्याही बघतेय. ती माझा हात सोडत नाहीये.

चौथी की पाचवी गाडी राखाडी रंगाची होती. तू तिच्यापाशी थांबलीस. तुला थांबायचं नव्हतं हे मला दिसत होतं, तरी थांबलीस. काचेतून आतल्या तपकिरी सीटा दिसत होत्या, कडेने गोल पायपिंग फिरवलेलं. साहेबांनी डोळे मिटून सांगितलं की ही सत्तरच्या सुमाराची, हिचं इंजिन इथलं, दारं इथली, पण सीटा मात्र त्या काळी बाहेरून तयार होऊन यायच्या, कारण इतकं सफाईचं काम करणारं आपल्याकडे कुणी नव्हतं. आत्याने ते पूर्ण होऊ दिलं आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे तुमच्या कारखान्यात शिवणकामाला बायका वगैरे नव्हत्या का?"

"बायका?" साहेब हसले. "छे छे. हे काय बायकांचं काम आहे?"

"होत्या," तू म्हणालीस.

सगळे वळले. साहेबांनी कौतुकाने विचारलं, असं तुम्हाला कुणी सांगितलं ताई? तू बाबांकडे पाहिलं नाहीस, आत्याकडे पाहिलं नाहीस. तू गाडीकडे बघत होतीस. "अठरा जणी होतो," तू म्हणालीस.

होत्या नाही, होतो. मला वाटतं बाबांना सगळं त्या एका अक्षरात कळलं. त्यांच्या हातात आतोबांची छत्री होती, ती त्यांनी जमिनीवर टेकवली.  साहेबांना अजून पटलं नव्हतं. ते म्हणाले, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, मी तेव्हा कंपनीतच होतो. तू विचारलंस, कुठल्या खात्यात? ते म्हणाले, ऑफिसात. "मग तुम्ही आमच्याकडे कधी आला नसाल," तू म्हणालीस. "आमचं खातं मागच्या शेडमध्ये होतं. मागची सीट उचला. खाली अस्तराला रंगीत दोऱ्याचे तीन टाके असतील. प्रत्येकीचा रंग ठरलेला होता, काम कुणाचं ते सुपरवायझरला कळावं म्हणून."

मला वाटलं ते नाही म्हणतील. आतोबाही म्हणाले, जाऊ द्या हो, कशाला. पण साहेब आता डोळे उघडे ठेवून तुझ्याकडे बघत होते. त्यांनी दोर सोडला, किल्लीने दार उघडलं. सीट कशी निघते ते त्यांना जमेना. तू वाकून हाताने दाखवलंस, पुढून दाबा आणि वर ओढा. सीट निघाली. धुळीचा आणि काथ्याचा वास आला. त्यांनी ती उलटी करून प्रकाशात धरली, आणि कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढे, तीन टाके होते. हिरवे.

तू एक शब्द बोलली असतीस तर त्या दालनातलं प्रत्येक माणूस म्हणालं असतं की ही सीट हिनेच शिवली. साहेबांनी विचारलंच, तुमचे का हे? "नाही," तू म्हणालीस. "माझा पिवळा होता. हिरवा माझ्या शेजारी बसायची तिचा. फार हळू शिवायची, पण तिचं काम कधी परत आलं नाही." आणि तू हात पुढे करून त्या टाक्यांना नुसता स्पर्श केलास.

मग आत्या बोलली. म्हणाली, म्हणजे तू कारखान्यात कामाला होतीस. तू म्हणालीस, हो वन्सं, चार वर्षं. "आणि आम्हाला शिवणक्लास सांगितलंत." तू म्हणालीस, "मामांनी सांगितलं. मी गप्प बसले." आत्याने बाबांकडे पाहिलं. तिला वाटलं असेल आता तो काहीतरी बोलेल, निदान तिच्याकडे वळेल. बाबांनी छत्री आतोबांच्या हातात दिली आणि ते बाहेर गेले. आपण बाहेर आलो तेव्हा ते फाटकापाशी उन्हात उभे होते, डोक्यावर काही नाही. साहेब दारापर्यंत आले आणि तुला नमस्कार केला. बाबांनी ते पाहिलं.

चार दिवस राहायचे ठरले होते. आपण त्याच दुपारी निघालो. आत्याने जेवून जा म्हटलं, बाबा म्हणाले भूक नाही. परतीच्या एसटीत त्यांनी माझ्यामार्फत एकही निरोप पाठवला नाही, आणि मला आधीचं सगळं बरं वाटायला लागलं. भिवंडीत घरी पोचलो, दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कचेरीचे कपडे घालून स्वयंपाकघराच्या दारात आले. मी तिथेच पाटावर बसले होते. माझ्याकडे न बघता ते थेट तुझ्याशी बोलले.

"तू काम केलंस त्याचं मला काही नाही. तेरा वर्षं रोज माझ्यासमोर बसलीस आणि सांगितलं नाहीस."

तू गॅस बारीक केलास. "लग्नाआधी मी काय करत होते, हे तुम्ही तेरा वर्षांत एकदा तरी विचारलंत का?" तू म्हणालीस. "विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

 बाबा डबा उचलून कचेरीत गेले. विचारलं असतं तर तू खरंच सांगितलं असतंस का, मला माहीत नाही. पण त्यांनी विचारलं नव्हतं हे खरं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

पुढल्याच आठवड्यात तू एकटी अंबाडीकडे जाणाऱ्या बसने दिघाशीला जाऊन त्या टेंपोवाल्याला भेटलीस, आणि श्रावण लागायच्या आत वडप्याच्या त्या पत्र्याच्या गाळ्यात तुझी मशीन गेली. बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आळीतल्या बायका पहिलं वर्षभर काहीबाही बोलल्या. मग नव्वद साल उजाडलं, हायवेला गोडाऊन उभी राहायला लागली, ट्रक वाढले, आणि तुझ्याकडे आणखी तीन बायका कामाला आल्या. कॉलेजातून मी कधी यायची तेव्हा तू जमिनीवर फतकल मारून हातात दाभण घेऊन बसलेली, दात आणि हात दोन्ही वापरून दोरा ओढत, आणि समोर एखादा ड्रायव्हर अदबीने उभा. "दीदी, शाम तक मिल जाएगी ना?" तू वर न बघता म्हणायचीस, "कल सुबह. जल्दी का काम दूसरी जगह करवा लो." ते कुठे जात नसत.

बाबा गाळ्यात कधी आले नाहीत. पण रिटायर झाल्यावर संध्याकाळी ते बसने वडप्याला यायचे आणि रस्त्याच्या पलीकडे टायरवाल्याच्या बाकावर बसायचे. तू कुलूप लावून रस्ता ओलांडायचीस आणि मग तुम्ही दोघं एका बसने घरी यायचात. मी त्यांना एकदा म्हटलं, आत जाऊन बसा की. ते म्हणाले, तिची कामाची जागा आहे, मी कशाला मधे मधे. ते रुसणं होतं की मान देणं होतं, मला सांगता आलं नाही. तुला माहीत असेल.

तुझ्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी हॉस्पिटलमध्ये तू मला विचारलंस, वन्संना तेव्हा कसं कळलं गं? त्या दिवशी त्यांनी प्रश्न मुद्दाम विचारला होता, हे तुला तिथेच कळलं होतं तर. पंधरा वर्षं तू ते कुणाला बोलली नव्हतीस. मी म्हणाले, आतोबांनी ऑफिसात जुनी कुठली यादी पाहिली असेल. तू "असेल" म्हणालीस आणि कुशीवर वळलीस. त्यानंतर नऊ दिवस तू होतीस. मी रोज येत होते, रोज तुझी वेणी घालत होते.

हे कागद मी कुणाला वाचायला देणार नाहीये. तुझी नात विचारतेय आई काय लिहितेस, तिला सांगितलं वाणसामानाची यादी. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की मी बोलले म्हणून ते बाहेर आलं, आणि बाहेर आलं म्हणून तुला तुझं काम मिळालं. शेवट चांगला झाला हे खरं आहे. पण मी ते तुझ्यासाठी केलं नव्हतं, आई. मला तुझा रागही आला नव्हता. दोन आठवडे घरात मला कुणी निरोपाखेरीज हाक मारली नव्हती, आणि आत्याने जवळ घेतलं होतं. टेंपोचं सांगून झालं, तिचा हात सैल झाला, आणि मला अजून थोडा वेळ तिथे बसायचं होतं.